राजगड, जिन्याखाली : किल्ल्याच्या साइटची नोंदवही

रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

जागा : जिन्याखालचा कोपरा, दीड मीटर बाय सव्वा मीटर. मनुष्यबळ : थोरली (वय ७), धाकटा (वय ४) आणि मी. सल्लागार : आई, म्हणजे मुलांची आजी. तिला कुणी नेमलेलं नाही. मुदत : वसुबारस, १७ तारखेची संध्याकाळ.

दिवसभर दुसऱ्यांच्या इमारतींची डायरी लिहितो. घरच्या कामाची लिहायला काय जातंय, म्हणून ही वही.

किल्ला कुठला, यावर अर्धा तास गेला. धाकट्याला ‘वाघाचा किल्ला’ हवा. थोरली राजगडावर अडून बसली. गेल्या डिसेंबरात पाली दरवाज्याने पद्मावती माचीपर्यंत स्वतःच्या पायांनी चढली होती, त्याचा तोरा अजून उतरलेला नाही. शिवाय ११ जुलैला मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, तेव्हा वर्गात बाईंनी नावं पाठ करून घेतली होती. ती जेवता जेवता म्हणून दाखवली : साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग. अकरा. बारावा जिंजी, तमिळनाडूतला, तो दर वेळी राहतो.

राजगड ठरला. वाघ तळाशी गुहेत राहील, या अटीवर धाकट्याने अंगठा दिला. चॉकलेटचा.

वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले, एवढा उपद्व्याप कशाला, प्लास्टरचा तयार मिळतो, रंगवलेला, दरवर्षी माळ्यावरून काढायचा आणि पुसायचा. त्यांचं खरं आहे. त्यांच्या किल्ल्याला सहा वर्षं झाली, अजून एक तडा नाही.

सोमवार, ६ ऑक्टोबर

मातीची आवक : लाल, तीन गोण्या, नर्सरीतून. गोणी पालथी केली तर निम्मे खडे, प्लास्टिकच्या चिंध्या आणि एक बोटभर काच. नर्सरीवाल्याला फोन लावला. म्हणाला, “साहेब, माती आहे, मैदा नाही.” पुढे काय बोलणार. साइटवरची वाळू चाळायची चाळण घरी आणली आणि सगळी माती दोनदा चाळली. चार वर्षांचं पोर या मातीत कोपरापर्यंत हात घालणार आहे, तेव्हा ही पायरी टाळायची नाही. दोघांची नखंही कापून घेतली. त्याला चाळणीपेक्षा जास्त वेळ लागला.

आज कोजागिरी. दूध आटेपर्यंत दोघं झोपली. चंद्र आम्हीच पाहिला.

बुधवार, ८ ऑक्टोबर

नकाशा. राजगड वरून पाहिला तर पंख्याच्या तीन पात्यांसारखा दिसतो : उत्तरेला पद्मावती माची, पूर्वेला सुवेळा, नैर्ऋत्येला लांबलचक संजीवनी आणि मधोमध पंख्याच्या कपासारखा वर आलेला बालेकिल्ला. थोरलीने मान वर करून खोलीतल्या पंख्याकडे पाहिलं आणि तिला तो कायमचा कळला. मी मात्र तिथे थांबलो नाही. व्यवसाय आडवा आला.

प्रमाण ठरवलं १:२०००. एक सेंटिमीटर म्हणजे वीस मीटर. पायथ्यापासून माथ्यापर्यंतचा चढ सहाशे-सातशे मीटर, म्हणजे आपला किल्ला साधारण ३५ सेंटिमीटर उंच. बालेकिल्ला या मापात फारच चपटा दिसत होता, त्याला दुप्पट उंची दिली. इथपर्यंत ठीक.

मग थोरलीने विचारलं, “बाबा, मावळे केवढे?”

गणित मांडलं. कुंभारवाड्यात मिळतो तो मावळा सात सेंटिमीटरचा. गुणिले दोन हजार : १४० मीटर. म्हणजे पंचेचाळीस मजली टॉवरएवढा मावळा, हातात भाला घेऊन. बारा सेंटिमीटरचा वाघ पाव किलोमीटरला थोडाच कमी. धाकटा खूश झाला. त्याला असाच वाघ हवा होता.

“मग खरा मावळा केवढा?”

माणूस पावणेदोन मीटरचा धरला तर एक मिलिमीटरही भरत नाही. तिने पट्टी डोळ्याला लावली, एक मिलिमीटर पाहिला आणि उठून स्वयंपाकघरात गेली. तिथे राई मापली, मोठी. राजगिरा मापला, थोडा मोठा. मग आईने अनारशांसाठी आणून ठेवलेली खसखस. एक दाणा पट्टीवर ठेवला, फुंकर लागून उडाला, दुसरा ठेवला. बरोब्बर.

राजगडाचा मावळा म्हणजे खसखशीचा एक दाणा. सोळा वर्षं साइटवर काढली, प्रमाण ही गोष्ट मला कुणी इतकी नीट दाखवली नव्हती.

शनिवार, ११ ऑक्टोबर

सांगाडा. विटा ४१, फुटक्या फरशा आठ-दहा, मधे पुठ्ठ्याचे खोके. खोके घातले की माती कमी लागते, पण ओल धरून बसतात. म्हणून ते फक्त बालेकिल्ल्याच्या पोटात. त्यावर गोणपाट. माती-पाण्याचा पातळ राबडा घमेल्यात कालवायचा, गोणपाट त्यात बुडवायचं, पिळायचं नाही, तसंच ठिबकत विटांवर टाकायचं. सुकलं की कडक होतं आणि वर थापलेली माती घसरत नाही. नुसत्या विटांवर माती थापून गेल्या वर्षी सिंहगडाचं काय झालं ते सगळ्यांना आठवतंय.

लाल माती एकटी चिकटत नाही, काळी एकटी तडकते. दोन घमेली लाल, एक काळी, त्यात मूठभर लाकडाचा भुसा.

राबडा कालवायचं काम धाकट्याकडे. पायांनी. पंधरा मिनिटं एक शब्द न बोलता घमेल्यात थयथय. या मुलाला जेवताना पाच मिनिटं एका जागी बसवता येत नाही. आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, “तूही असाच नाचायचास.” मला आठवत नाही. मी नेहमी थापी धरलेलीच आठवते.

रविवार, १२ ऑक्टोबर

आजचं काम तटबंदी. आजची मोठी चूकही तीच.

संजीवनी माचीचा तट साधा नाही. एका भिंतीच्या आत दुसरी भिंत, मधे माणूस उतरेल एवढी चर : चिलखती तटबंदी. बाहेरची पडली तरी आतली उभी. हे मातीच्या वळ्यांनी करायला गेलो. थोरलीच्या वळ्या बऱ्या होत होत्या, धाकट्याच्या मधे जाड, टोकाला बारीक, शेंगेसारख्या. जाडी सारखी येईना. तेव्हा थोरलीला सोऱ्या आठवला.

आईचा जुना पितळी सोऱ्या, सहा चकत्यांचा. त्यातली पट्टीची चकती लावली, चांगली मळलेली माती भरली, दांडा फिरवला. गाठ्यांसारखी सपाट, एकसारखी पट्टी बाहेर येऊ लागली. पंधरा मिनिटांत संजीवनीचा दुहेरी तट उभा. चर सोडलेली, बुरूज बाटलीच्या बुचाने पाडलेले. मी स्वतःवर जाम खूश. आई देवळातून आली तेव्हा सोऱ्याच्या तोंडातून राजगडाचा तट लोंबत होता.

ती काही बोलली नाही. ते जास्त वाईट असतं.

सोऱ्या चिंच लावून घासला, गरम पाण्यातून काढला, परत चिंच. चकत्या मोजल्या तर पाच. चकलीची, चांदणीच्या भोकाची, गायब. घमेलं पालथं घातलं, गोण्या झटकल्या. नाही.

त्या गडबडीत एक चांगली गोष्ट झाली. सुवेळा माचीवर डोंगराला आरपार भोक आहे, नैसर्गिक, त्याला नेढं म्हणतात. मी त्यासाठी पाइपचा तुकडा कापून ठेवला होता. पाइप बसवायच्या आत धाकट्याने ओल्या मातीत तर्जनी खुपसली आणि पलीकडून बाहेर काढली. मग डोळा लावला. “ताई, तू दिसतेस.” पाइप कचऱ्यात टाकला.

दरवाजे : पाली, गुंजवणे, अळू, तिन्ही काडेपेटीच्या पुठ्ठ्याचे. चोर दरवाजा पद्मावती माचीखाली. तो दाखवायचा की नाही यावर थोरलीने धाकट्याला नीट बजावलं, “चोर दरवाजा कुणाला सांगायचा नसतो. आजीला पण नाही.” त्याने मान डोलावली.

सोमवार, १३ ऑक्टोबर

थोरलीचा गणिताचा पेपर. काम बंद. तडे तीन, ओल्या बोटाने बुजवले.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

पेरणी. काहीजण मोहरी टाकतात, काही गहू. मोहरी उतारावर ठरत नाही, पाणी मारलं की घरंगळत पायथ्याशी जमते आणि डोंगर टकला, दरीत रान अशी अवस्था होते. म्हणून हळीव. वाटीभर पाण्यात तासभर भिजवले की दाण्याभोवती बुळबुळीत पारदर्शक आवरण येतं. सब्जासारखं, पण जास्त चिकट. ते हातात घेऊन कड्यावर नुसतं लावायचं, उभ्या भिंतीलाही चिकटतं.

हे काम चार वर्षांच्या मुलासाठीच केलेलं असावं. धाकट्याने पहिली मूठ डोंगराला, दुसरी स्वतःच्या केसांना आणि तिसरी मांजराला लावली. मांजर पळालं. तिसऱ्या दिवशी त्याच्या पाठीवर कोंब दिसले तर नवल नाही.

हळीव आईच्या लाडवांच्या डब्यातले. विचारून घेतले. सोऱ्यानंतर सगळं विचारून.

बुधवार, १५ ऑक्टोबर

दुर्घटना. वेळ सकाळी सव्वासात, मी अंघोळीला गेलेलो.

पद्मावती माचीवरचा तलाव म्हणजे मातीत बसवलेली नारळाची करवंटी. धाकट्याला ती रिकामी दिसली. त्याने मगने भरली. भरल्यावर थांबला नाही. पाणी काठावरून वाहिलं, खालची माची फुगली आणि पद्मावतीचा पाऊण हात तट गुंजवणे दरवाज्यासकट पायथ्याशी आला. दरड कोसळते तशीच, आधी एक भेग, मग अख्खा तुकडा. गोणपाट होतं म्हणून सांगाडा वाचला.

बाहेर आलो तर तो मग घेऊन उभा. रडत नव्हता. “बाबा, तलावाला सांडायला जागाच नाही.”

साइटवर हेच वाक्य मी एका बड्या माणसाला बोललो होतो आणि त्याने ऐकलं नव्हतं. सरबताच्या नळीचा तुकडा करवंटीच्या काठाशी बसवला, जास्तीचं पाणी मागच्या बाजूने जमिनीवर. दुरुस्तीला दोन तास, ऑफिसला अर्धी रजा. रजेच्या अर्जावर कारण लिहिलं ‘घरगुती’.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

शाळेला सुट्टी लागली. दुपारी कुंभारवाड्यात. पणत्या दोन डझन, वाघ एक, गवळण एक (धाकट्याला ती आजीसारखी वाटली), सिंहासनावरचे महाराज. मावळे घ्यायचे नाहीत यावर थोरली ठाम. दुकानदार बाईंना तिने कारणही सांगितलं : एकशे चाळीस मीटरचे होतात. बाई माझ्याकडे बघायला लागल्या.

महाराजांचं मात्र अडलं. प्रमाणाने त्यांनाही गडावर बसवता येत नाही. आई म्हणाली, “महाराजांशिवाय किल्ला? मग त्याला टेकडी म्हण.” तोडगा तिनेच काढला : किल्ल्याच्या समोर पाट, पाटावर महाराज. गड त्यांच्यापुढे मांडलेला. हे मला माझ्या आराखड्यापेक्षा बरं वाटलं.

रात्री बॅटरी मारून पाहिलं. हळिवाला कोंब. पांढरे, सुईच्या टोकाएवढे.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर, वसुबारस

मुदतीत काम पूर्ण.

थोरलीने खसखशीची चिमूट घेतली आणि फौज मांडली. आधी एकेक दाणा टूथपिकने. पन्नासाव्या दाण्याला कंटाळली. मग चिमटीने शिंपडले. संजीवनीवर दाट, चिलखती तटाच्या चरीत खास पहारा, बालेकिल्ल्यावर मोजके. दोन पावलं मागे आलं की काहीच दिसत नाही. नाक टेकवलं की तीनशे माणसं.

संध्याकाळी गल्लीतल्या गाय-वासराची पूजा करून आई आली आणि किल्ल्यापुढे बसली. मुलं कुशीत. राजगड पंचवीसएक वर्षं राजधानी होता, रायगडाच्या आधी. आग्र्याहून सुटल्यावर महाराज इथेच आले. राजाराम महाराजांचा जन्म इथला, १६७०चा. आणि सईबाई गेल्या त्याही इथेच, १६५९मध्ये. तेव्हा संभाजीराजे दोन वर्षांचे.

“दोन म्हणजे माझ्यापेक्षा लहान?” धाकटा.

“हो.”

“मग त्याला झोपवलं कुणी?”

आई म्हणाली, “त्याच्या आजीने. जिजाऊंनी.” धाकट्याने थोडा वेळ विचार केला, एक पणती उचलली आणि पद्मावती माचीवर ठेवली. १:२०००च्या हिशोबाने ती पणती शंभर मीटरच्या वर जाते. ठेवू दिली.

शनिवार, १८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

धने-गुळाचा नैवेद्य. चकलीची चकती अजून नाही. चकल्या शेजारच्या वहिनींच्या सोऱ्यावर पाडून आणल्या. आईचं म्हणणं, त्यांच्या चकतीला काटे बारीक येतात. शंकरपाळी मुलांनी कातली, कातणीने, एकही चौकोन दुसऱ्यासारखा नाही. तळताना लहान जळतात, मोठे कच्चे राहतात. खाल्ले.

रविवार, १९ ऑक्टोबर

यंदा धनत्रयोदशी आणि नरकचतुर्दशीच्या मधे एक दिवस मोकळा आला.

सकाळी धाकटा ओरडत आला, “मावळे चालले!” बघतो तर खरंच चालले होते. मुंग्या. बारीक, काळ्या, एकेरी रांगेत, प्रत्येकीच्या तोंडात खसखशीचा एक दाणा. संजीवनी रिकामी करून अळू दरवाज्याने बाहेर, भिंतीच्या कडेने, उंबऱ्याच्या फटीत. तेलकट दाणा, त्यांना अनारसाच तो. मी लक्ष्मणरेषेचा खडू आणायला उठलो. थोरलीने हात धरला. दोघं पोटावर पालथी पडून तासभर ती रांग बघत होती. मधूनच तिचं निवेदन : “आता गुंजवणे दरवाजा. आता खिंड. आता एक पडला, दुसरी परत आली.”

मला वाटतं मुलांची दिवाळी ती हीच. आधीची बारा दिवसांची माती आणि हा एक तास. पुढचे चार दिवस पाहुण्यांचे, नव्या कपड्यांचे, ‘हात लावू नकोस’चे. मोठ्यांना ते सांगून उपयोग नाही, तेव्हा इथे लिहिलं.

अनारशांना खसखस कमी पडली. आईने विचारलं, सांगितलं. “मुंग्यांनी?” म्हणाली, आणि अनारसे एका बाजूने कमी लावून केले.

सोमवार, २० ऑक्टोबर, नरकचतुर्दशी

पहाटे साडेचार. धाकटा पाटावर झोपेतच बसला. तेल लागलं तरी झोपेत, उटणं लागल्यावर जागा झाला आणि मग गल्लीला कळलं. उटणं लहानांना खरखरीत लागतं; दुधात कालवून, मऊ करून लावलं तर ऐकतात. हे दुसऱ्या मुलाच्या वेळी सुचलं, पहिलीला नुसतंच रडवलं होतं.

ही, म्हणजे मुलांची आई, फोंड्याची. तिच्याकडे अंघोळीनंतर कारीट पायाखाली फोडल्याशिवाय दिवाळी सुरू होत नाही. मंडईत मिळाली. डाव्या पायाच्या अंगठ्याने, एका दणक्यात. धाकट्याचं निसटून चपलांच्या कपाटाखाली गेलं, तिथून काढून परत. बी जिभेला लावली, कडू, चेहरे बघण्यासारखे. मग तिच्या भावाशी व्हिडिओ कॉल : त्यांच्या गावात रात्रभर नरकासुर मिरवला होता, पहाटे जाळला, मागे अजून धूर. धाकट्याने विचारलं, त्याचं प्रमाण किती? मामाला काही कळलं नाही. न्याहरीला फोव, म्हणजे पोहे, ताकातले आणि गुळाचे.

फटाके : फुलबाजी आणि भुईनळे, बस. नागगोळी दुकानातच ठेवली. आवाज नाही म्हणून ती गरीब वाटते, पण पुण्यातल्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०१६ साली मुलांच्या आवडीचे सहा फटाके तपासले, त्यात सगळ्यात जास्त सूक्ष्म धूलिकण हिचे निघाले. फुलबाजी विझली तरी तार बराच वेळ तापलेली राहते आणि अनवाणी पाय नेमका तिच्यावरच पडतो. पाण्याची बादली शेजारी, तार थेट बादलीत. चुर्रर आवाज येतो. धाकट्याला फुलबाजीपेक्षा तो आवाज आवडला.

मंगळवार, २१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

पूजा झाली, लाह्या-बत्तासे वाटून झाले आणि आभाळ फाटलं. ऑक्टोबरची सर, दहा मिनिटांची, पण अंगणाचा उतार जिन्याकडे आहे (घर मी बांधलेलं नाही). पाणी सरळ किल्ल्याकडे निघालं. उरलेल्या मातीचा बांध घातला, विटा आडव्या लावल्या, थोरलीने ताडपत्रीचं टोक धरलं, आणि मी हाताला लागेल त्या केरसुणीने पाणी मागे लोटायला लागलो.

पाणी ओसरल्यावर लक्षात आलं, केरसुणी नवी होती. हळदी-कुंकवाची. पंधरा मिनिटांपूर्वी पूजलेली. आई दारात. या महिन्यात दुसऱ्यांदा.

नुकसान : वाघाच्या गुहेत दोन बोटं पाणी. किल्ला शाबूत.

बुधवार, २२ ऑक्टोबर, पाडवा

गल्लीतल्या मंडळाची किल्ला स्पर्धा. परीक्षक म्हणून दोन दादा आले, हातात कागद. हळीव आता बोटभर उंच, हिरवागार, कडे झाकलेले. तटबंदी आवडली, नेढ्यातून दोघांनी पाहिलं. मग एकजण म्हणाला, “मावळे कुठेत? मावळ्यांना दहा गुण आहेत.”

थोरलीने भिंग आणून त्याच्या हातात दिलं. तो गुडघ्यावर बसला. बराच वेळ दिसेना. मग दिसला, बालेकिल्ल्याच्या महादरवाज्यात एक, मुंग्यांनी सोडलेला. “अरे, हा तर दाणा आहे.” “नाही, मावळा. मापाचा आहे.” मागचा दादा हसला, याने नाही हसलं. कागदावर काहीतरी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं.

नंबर आला नाही. पहिला नंबर कारंज्याच्या किल्ल्याला, सलाइनच्या नळीचं कारंजं. थोरली संध्याकाळभर गप्प. रात्री म्हणाली, पुढच्या वर्षी सिंधुदुर्ग करू, सगळीकडे पाणीच असतं. जिंजीचं मी सुचवून पाहिलं.

गुरुवार, २३ ऑक्टोबर, भाऊबीज

थोरलीने ओवाळलं. धाकट्याने ओवाळणीत वाघ घातला. तासाभराने परत मागितला.

रविवार, २ नोव्हेंबर

तुळशीची लग्नं सुरू. वृंदावनाला माती हवी, म्हणून किल्ला आज उतरवला. हळीव पिवळे पडून आडवे झाले होते. मी थापी घेतली. थोरलीने ती काढून घेतली आणि हाताने सुरुवात केली, आधी तट, मग बुरूज. सुवेळा माची धाकट्याची. नेढ्याचा तुकडा त्याने अख्खा काढून खिडकीत ठेवला, वाळून पक्का झालाय.

हिशोब : विटा ४१ पैकी ३९ परत, दोन फुटल्या. माती पावणेतीन गोण्या, वृंदावन आणि नऊ कुंड्यांत. गोणपाट कुजलं, टाकलं.

पद्मावती माचीचं गोणपाट उचललं तेव्हा खाली, विटांच्या सांध्यात, मातीत नीट उभी रोवलेली पितळी चकती. चांदणीच्या भोकाची. करवंटीच्या बरोबर खाली, कोसळलेल्या तटापासून चार बोटांवर.

“ही इथे कुणी ठेवली?”

धाकट्याने आधी ताईकडे पाहिलं. तिची परवानगी मिळते का ते बघितलं असावं. मग म्हणाला, “चोर दरवाजा आहे तो.”

आजी तीन आठवडे शोधतेय, पिठाचे डबे उपसले तिने, मग बोलला का नाहीस?

“कुणाला सांगायचा नसतो ना. आजीला पण नाही.”

चकती धुऊन आईच्या हातात दिली. तिने ती उजेडाकडे धरली. चांदणीच्या सहाही टोकांत राजगडाची माती घट्ट बसलेली. उठली, दाभण घेऊन आली आणि उंबऱ्यावर बसून एकेक टोक कोरायला लागली. धाकटा शेजारी जाऊन बसला, खाली पडणारी माती तळहातावर झेलायला.